गहू बंद करण्याआधी आणि केल्यानंतर : सातारा-सांगलीच्या घरांसाठी सिलिॲक आजाराची ओळख

मुलाचे वय वाढते पण वजन आणि उंची वाढत नाही, पोट फुगलेले दिसते आणि शी वारंवार पातळ, चिकट व दुर्गंधीची होते. किंवा घरातील एखाद्या स्त्रीचे हिमोग्लोबिन महिनोन्‌महिने लोहाच्या गोळ्या घेऊनही वर सरकत नाही. अशा वेळी कोणीतरी हमखास सुचवते, की गहू बंद करून बघा. सल्ला आपुलकीचा असतो, पण तो तपासणीआधी अमलात आणला तर निदानाची वाट बिघडते. सिलिॲक आजाराच्या रक्ततपासण्या आणि आतड्याची तपासणी या दोन्ही रुग्ण गहू खात असतानाच खऱ्या ठरतात. म्हणून नवख्या कुटुंबाने पहिली गोष्ट लक्षात ठेवावी ती ही, की तपासण्या पूर्ण होईपर्यंत चपाती चालू ठेवावी. याला अपवाद एकच. गहू खाल्ल्यावर काही मिनिटांत अंगावर गांधी उठत असतील, ओठ सुजत असतील किंवा दम लागत असेल, तर तो प्रकार वेगळा आहे. तेथे गहू लगेच थांबवून डॉक्टरांकडे जावे.

आतड्यात नेमके काय घडते

गहू, जव आणि राय (मोहरी नव्हे, युरोपात पावासाठी वापरतात ते धान्य) या तीन धान्यांत ग्लूटेन नावाचा प्रथिनांचा गट असतो. कणीक मळल्यावर ती ताणली जाते ती त्याच्यामुळेच. हे प्रथिन पूर्ण पचत नाही, त्याचे काही तुकडे तसेच उरतात. बहुतेकांना त्याचा काही त्रास होत नाही. परंतु विशिष्ट आनुवंशिक ठेवण असलेल्या काही व्यक्तींची प्रतिकारशक्ती या तुकड्यांना शत्रू समजते आणि त्या लढाईत स्वतःच्याच लहान आतड्याचे अस्तर झिजवते. या अस्तरावर मखमलीच्या तंतूंसारखे असंख्य सूक्ष्म रसांकुर असतात आणि अन्नातील सत्त्व त्यांच्यातूनच शोषले जाते. ते आखूड होत होत सपाट झाले की खाल्लेले अन्न अंगी लागत नाही. लोह, फॉलिक ॲसिड, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व यांची तूट पडते, आणि मग पोटाची कसलीही तक्रार नसलेल्या माणसातही रक्तक्षय, ठिसूळ हाडे, लांबलेली पाळी, वारंवार गर्भपात, तोंडातील फोड किंवा कोपरे-गुडघ्यांवर खाजरे पुरळ अशी लक्षणे दिसतात. म्हणून हा केवळ जुलाबाचा आजार आहे, असे मानू नये.

आनुवंशिक ठेवण म्हणजे एचएलए-डीक्यू२ किंवा डीक्यू८ हे जनुकीय प्रकार. ते समाजातील सुमारे एक तृतीयांश लोकांत सापडतात, पण त्यांपैकी थोड्यांनाच आजार होतो. त्यामुळे या जनुकांची महागडी तपासणी 'आहे' अशी आली तर फारसे काही सिद्ध होत नाही. 'नाही' अशी आली तर मात्र सिलिॲक जवळजवळ निकालात निघतो. संदिग्ध प्रकरणांत तिचा उपयोग तेवढाच आहे.

लंडनचे डॉक्टर सॅम्युअल गी यांनी १८८८ मध्ये या आजाराचे स्पष्ट वर्णन केले होते, तरी दोष गव्हाचा आहे हे ठरायला आणखी साठ वर्षे लागली. डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांना गव्हाचा संशय आधीपासून होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये युद्धामुळे उपासमार झाली आणि पाव मिळेनासा झाला, तेव्हा ही आजारी मुले उलट सुधारली, आणि पाव परत आल्यावर पुन्हा खालावली. डिके यांनी आपला प्रबंध १९५० मध्ये मांडला. तेव्हापासून आजतागायत उपचार एकच राहिला आहे : ग्लूटेन पूर्ण आणि कायमचे वर्ज्य करणे. हा आजार मुळापासून बरा करणारे औषध आज उपलब्ध नाही, त्यामुळे 'तीन महिन्यांत कायमचा बरा' असे सांगणाऱ्याला पैसे देण्यापूर्वी पुन्हा विचार करावा.

२०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतातील एका मोठ्या पाहणीत सिलिॲकचे प्रमाण उत्तरेत १.२३ टक्के, ईशान्येत ०.८७ टक्के आणि दक्षिणेत ०.१० टक्के आढळले. जनुकीय ठेवणीत मात्र एवढा फरक नव्हता, फरक गव्हाच्या रोजच्या खाण्यात होता. माझ्या मते आपल्याकडे हा आजार उशिरा आठवतो, त्याचे एक कारण येथेच आहे. माण-खटाव, जत, आटपाडी या भागांत दोन पिढ्यांपूर्वी रोजच्या ताटात भाकरी होती आणि पोळी सणाला होत असे. आता डब्यात चपाती, चहाबरोबर खारी आणि मुलाच्या हातात बिस्कीट आहे.

एकाच गव्हाचे तीन वेगळे त्रास

सिलिॲक हा त्यांपैकी एक. दुसरा गव्हाची ॲलर्जी, जी मिनिटांत किंवा काही तासांत उमटते आणि क्वचित जिवावरही बेतते. तिची तपासणी आणि उपचार ॲलर्जीचे असतात. तिसरा प्रकार असा, की गहू खाल्ल्यावर पोट फुगते, दुखते, थकवा येतो, पण सिलिॲक आणि ॲलर्जी या दोन्हींच्या तपासण्या निर्दोष येतात. याला सिलिॲकेतर ग्लूटेन संवेदनशीलता म्हणतात. त्याचे निदान करणारी रक्ततपासणी नाही, आणि त्यांतील अनेकांचा त्रास ग्लूटेनमुळे नसून गव्हातील फ्रुक्टान या आंबणाऱ्या शर्करासाखळीमुळे असतो. हाच घटक कांदा-लसणातही असतो, म्हणून केवळ गहू सोडून अशांचे पोट शांत होईलच असे नाही. या लोकांच्या आतड्याची झीज होत नाही, त्यामुळे त्यांना सिलिॲकइतके कडक पथ्य लागत नाही. कोणता त्रास आहे हे ठरवण्यासाठी तपासणी हवी, कारण एकाला कणभरही चालत नाही आणि दुसऱ्याचे अर्ध्या चपातीने काही बिघडत नाही.

तपासणीचा क्रम

प्रथम फॅमिली डॉक्टरांकडे जाऊन टीटीजी-आयजीए ही रक्ततपासणी करता येईल का, हे विचारावे. सिलिॲकमध्ये वाढणारी प्रतिपिंडे, म्हणजे प्रतिकारशक्तीने तयार केलेली प्रथिने, ती मोजते; आयजीए हा प्रतिपिंडांचा एक प्रकार. तिच्याबरोबर एकूण आयजीएचे प्रमाणही तपासून घ्यावे. काही व्यक्तींच्या शरीरात आयजीए मुळातच कमी असते आणि त्यांची तपासणी फसवी 'निर्दोष' येते. अशांसाठी आयजीजी या दुसऱ्या प्रकारच्या प्रतिपिंडांच्या तपासण्या असतात. रक्त देताना उपाशीपोटी असण्याची गरज नसते.

चपाती आधीच बंद केली असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने ती पुन्हा सुरू करावी लागते. साधारण सहा आठवडे, रोज एकापेक्षा अधिक जेवणांत गव्हाचा पदार्थ असावा, असा प्रघात आहे. ज्याला गहू सोडून बरे वाटले आहे त्याला हे जिवावर येते, हे खरे. पण अर्धवट निदानावर जन्मभराचे पथ्य लादून घेण्यापेक्षा हा काळ सोसलेला परवडतो.

रक्ततपासणीत प्रतिपिंडे वाढलेली आढळली, की पुढची पायरी पोटविकारतज्ज्ञांची. सांगली-मिरज, कराड आणि सातारा येथील मोठ्या रुग्णालयांत या तज्ज्ञांकडे तोंडातून दुर्बीण घालून लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातून बारीक तुकडे घेतले जातात. झीज सलग नसते, ठिगळाठिगळांनी असते, त्यामुळे किमान चार तुकडे घेतलेले बरे. तपासणी साधारण पाऊण तासाच्या आत आटोपते आणि तुकडे काढताना दुखत नाही. लहान मुलांत टीटीजीचे प्रमाण मर्यादेच्या दहापट किंवा त्याहून जास्त असेल आणि दुसऱ्या वेळच्या रक्तातील एंडोमायसियल प्रतिपिंडांची तपासणीही 'आहे' अशी आली असेल, तर काही वेळा दुर्बिणीशिवाय निदान करतात. तो निर्णय बालरुग्ण पोटविकारतज्ज्ञांचा असावा.

आतड्याची झीज दिसली म्हणजे सिलिॲकच, असेही नाही. जिआर्डियाचा संसर्ग, आतड्याचा क्षय, उष्ण कटिबंधातील स्प्रू या आपल्याकडच्या आजारांतही रसांकुर झिजू शकतात. म्हणून रक्त, तुकड्यांचा अहवाल आणि पथ्यानंतरची सुधारणा या तिन्ही गोष्टी एकत्र पाहून निदान पक्के होते. सर्व कागद एका फाइलमध्ये ठेवावेत. दहा वर्षांनी नवे डॉक्टर तेच मागतात.

ताटात काय चालते

येथे आपला मुलूख नशीबवान आहे. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, मका, वरी, राजगिरा, शिंगाडा, साबुदाणा, सर्व डाळी आणि कडधान्ये, शेंगदाणे, भाज्या, फळे, दूध-दही, अंडी, मासे आणि मटण यांत मुळात ग्लूटेन नाही. शाळूची भाकरी, हरभऱ्याच्या डाळीचे पिठले आणि ठेचा हे जेवण कोणत्याही महागड्या 'ग्लूटेन-फ्री' पाकिटापेक्षा सरस आहे, असे मी निःसंकोच सांगेन. पाटण-जावळीकडील नाचणीत १०० ग्रॅममागे सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, आणि झिजलेल्या आतड्यामुळे हाडांना त्याचीच गरज असते.

चालत नाहीत ते : गहू, मैदा, रवा, दलिया, शेवया, कुरडया, पाव, बिस्किटे, जव, बार्ली, माल्ट घातलेली पेये आणि बिअर. ओट्स मुळात वेगळे धान्य असले तरी बाजारातील साध्या ओट्समध्ये गहू मिसळलेला असतो, आणि काही रुग्णांना शुद्ध ओट्सही सोसत नाहीत. पहिले वर्ष ते टाळावेत.

आता खपलीविषयी. कृष्णाकाठच्या आपल्या दोन्ही जिल्ह्यांत खपली गहू पिकतो, त्याची खीर आपल्याकडे आवडीने होते, आणि तो 'पचायला हलका', 'मधुमेहाला चांगला', 'ग्लूटेन कमी' अशा नावांनी विकला जातो. सिलिॲकच्या रुग्णासाठी यांतील एकही विशेषण उपयोगाचे नाही. खपली हा गहूच आहे, त्यात आतड्याला इजा करणारी, ग्लूटेनमधलीच ग्लायडिन प्रथिने आहेत. बन्सी, लोकवन, शरबती, खपली, सेंद्रिय, गावरान, जुने बियाणे हे सारे या पथ्यात सारखेच वर्ज्य आहे.

किती सूक्ष्म प्रमाण बाधते, याचा हिशेब एकदा मांडलेला बरा. एका मध्यम चपातीत साधारण अडीच ते तीन ग्रॅम ग्लूटेन असते. बहुतेक रुग्णांना दिवसाला १० मिलिग्रॅमपर्यंतचे प्रमाण सोसते, असे मानले जाते. म्हणजे चपातीचा सुमारे तीनशेवा हिस्सा. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या नियमानुसार 'ग्लूटेन-फ्री' लिहिलेल्या पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन असता कामा नये. 'एवढ्याने काय होतंय' या आग्रहाला हे आकडे पुरेसे उत्तर आहेत.

दळण : सर्वांत मोठी फट

ज्वारी निर्दोष, पण ती दळली जाते गावच्या गिरणीत, आणि तिच्याआधी कोणीतरी गव्हाचे दळण टाकून गेलेले असते. गिरणीच्या पाट्यांत, पिशवीत आणि वरच्या तोंडाशी आधीचे पीठ उरते आणि आपल्या डब्यात उतरते. पथ्य काटेकोर पाळूनही टीटीजी खाली येत नाही, अशा घरांत बहुतेक वेळा दोष येथेच सापडेल.

यावर खात्रीचा उपाय घरघंटी. ती नवी घ्यावी आणि तिच्यात गहू कधीही टाकू नये. घरातील इतरांचा गहू बाहेरच्या गिरणीत जावा. जुनी, गव्हाला वापरलेली घरघंटी पुसून भागत नाही. घरघंटी परवडत नसेल, तर माळ्यावरचे दगडी जाते स्वच्छ घासून, धुऊन आणि थोडी ज्वारी दळून ते पीठ टाकून दिल्यावर वापरता येते. एका माणसापुरते पीठ त्यावर निघते. दोन्ही शक्य नसेल तेव्हा काही गिरणीवाले सकाळी गिरणी झाडून घेतल्यावर पहिले दळण देतात आणि सुरुवातीचे एक-दोन किलो पीठ वेगळे काढू देतात. ही तडजोड आहे, तिच्यावर कायम विसंबू नये. आणि सिलिॲक असलेल्या मुलाला दळण आणायला गिरणीत पाठवू नये. हवेतले पीठ नाका-तोंडावाटे पोटात जाते. कणकेला नुसता हात लागल्याने मात्र काही होत नाही, हात धुतले की पुरे.

गिरणीच्याही आधीची एक पायरी आहे. शाळू आणि गहू दोन्ही रब्बीचे. मळणीयंत्र एका रानातून दुसऱ्या रानात जाते आणि पोती तीच वापरली जातात. म्हणून ज्वारी सुपात पाखडून, परातीत हाताने निवडून, धुऊन आणि कडक उन्हात वाळवूनच दळावी. गव्हाचा दाणा ज्वारीत लगेच दिसतो. बाजरीत त्याहून स्पष्ट. बेसन मात्र बाजारातून न आणता डाळ आणून घरीच दळावी.

पीठ थोडे थोडे, आठवड्यापुरतेच दळावे. ज्वारीचे पीठ जुने झाले की त्याची विरी जाते आणि भाकरी थापताना चिरते. तशी वेळ आली तर पाणी उकळून त्यात पीठ घालून उकड काढावी आणि ती गरम असतानाच मळावी. नव्याने भाकरी शिकणाऱ्यांनीही याच पद्धतीने सुरुवात केली तर निराशा कमी येते.

स्वयंपाकघरातील लपलेला गहू

हिंग हा पहिला संशयित. बाजारातील डबीतला हिंग बहुतेक वेळा मिश्रणाचा असतो आणि त्यात मैदा किंवा गव्हाचे पीठ घातलेले असते. चिमूटभर हिंग एका फोडणीपुरता क्षुल्लक वाटतो. पण उन्हाळ्यात डंकावर कुटून आणलेल्या वर्षभराच्या कांदा-लसूण चटणीत तोच हिंग गेला, तर घरातील प्रत्येक कालवण वर्षभर दूषित राहते. चटणी करताना डबीवरचा घटकांचा मजकूर वाचून तांदळाच्या पिठातला हिंग निवडावा किंवा हिंग गाळावा, आणि कुटून आणण्याऐवजी मसाला घरच्या मिक्सरमध्ये करावा.

मेतकुटात परंपरेने थोडे गहू भाजून घालतात. थालीपिठाच्या भाजणीत आणि शेंगोळ्यांत बऱ्याच घरी गव्हाचे पीठ असते. सातूचे पीठ गव्हाचे असो वा जवाचे, दोन्ही वर्ज्य. सोया सॉस, फरसाण, तयार सूप आणि काही पापड यांचा संशय धरावा. भडंग चुरमुऱ्यांचे, पण मसाल्यातील हिंग विचारल्याशिवाय बाहेरचे खाऊ नये. घरी करणे सोपे आहे. पाकिटबंद पदार्थावर घटकांच्या खाली ॲलर्जीविषयीची ओळ असते, ती प्रत्येक खरेदीला वाचावी, कारण कंपन्या घटक बदलतात.

भांड्यांत स्टीलची भांडी नीट घासली की चालतात. लाकडी पोळपाट-लाटणे आणि काटवट मात्र रुग्णासाठी वेगळी असावीत. तवा वेगळा ठेवता येत नसेल तर भाकरी आधी, चपाती नंतर. पुऱ्या तळलेल्या तेलात रुग्णाचे पापड तळू नयेत.

सण, पंगत आणि शाळा

बेंदराची पुरणपोळी, आषाढात तळलेल्या कापण्या, नागपंचमीची दिंडे, सत्यनारायणाचा शिरा : आपले सणवार गव्हावर उभे आहेत आणि नकार दिला की मान दुखावतो. यजमानांना आदल्या दिवशी फोन करून सांगितले तर ऐन पंगतीतला प्रसंग टळतो. घरी करताना पुरण तेच ठेवावे आणि ते तांदळाच्या उकडीत भरून दिंडे करावीत; चव वेगळी लागते, पण मूल सर्वांबरोबर ताटावर बसते. प्रसाद कपाळाला लावून शेजाऱ्याला द्यावा आणि आपण केळे घ्यावे, यात देवाचा काही अपमान नाही. उपवासाचे पदार्थ बहुधा सुरक्षित असतात. राजगिऱ्याचे किंवा शिंगाड्याचे पीठ तेवढे घरी दळलेले असावे.

लग्नकार्याला आणि एसटीच्या प्रवासाला शाळूची कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि गूळ बांधून न्यावा. पंगतीतला मसालेभात निर्दोष वाटतो, पण त्यातही हिंग असतो.

शाळेत वर्गशिक्षकांना डॉक्टरांच्या पत्राची प्रत द्यावी आणि वाढदिवसाच्या दिवशी वाटल्या जाणाऱ्या केकऐवजी देण्यासाठी राजगिऱ्याचे लाडू त्यांच्याकडे ठेवून द्यावेत. मुलाला स्वतःला 'मला गहू चालत नाही' हे वाक्य न लाजता म्हणता आले पाहिजे; आठ-नऊ वर्षांच्या मुलाला ते सहज जमते, आजी-आजोबांना ते ऐकून घेणे जास्त जड जाते.

पाठपुरावा

पथ्य सुरू झाल्यावर जुलाब आणि थकवा काही आठवड्यांत कमी होऊ लागतात, मुलांचे वजन काही महिन्यांत वाढते. आतड्याचे अस्तर भरून यायला मात्र मोठ्या माणसांत दोन वर्षे किंवा अधिक काळ लागू शकतो. टीटीजी साधारण सहा महिन्यांनी, मग वर्षाने आणि पुढे दरवर्षी तपासावे. सुरुवातीला हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी१२, फॉलिक ॲसिड, ड जीवनसत्त्व आणि थायरॉइड पाहून घ्यावे. प्रौढांत हाडांची घनता मोजण्याविषयी डॉक्टरांना विचारावे. बरे वाटले म्हणून गहू पुन्हा सुरू केल्यास लक्षणे नसतानाही झीज होऊ शकते, आणि दीर्घकाळ दुर्लक्ष झाल्यास क्वचित लहान आतड्याच्या लसिका कर्करोगापर्यंत प्रकरण जाते.

रुग्णाचे आई-वडील, भावंडे आणि मुले यांच्यात हा आजार असण्याची शक्यता साधारण दहातील एक असते, म्हणून त्यांची टीटीजी तपासणी लक्षणे नसली तरी करून घ्यावी. टाइप १ मधुमेह असलेल्या मुलांतही सिलिॲक अधिक आढळतो.

पथ्य सुरू असूनही सहा महिन्यांनंतर त्रास कायम राहिला, तर सर्वाधिक शक्यता नकळत पोटात जाणाऱ्या ग्लूटेनचीच असते. त्यानंतर दुधातील लॅक्टोज तात्पुरते न पचणे, जंतुसंसर्ग आणि इतर कारणे येतात. डॉक्टरांकडे जाताना मागील दोन आठवड्यांत काय खाल्ले याची यादी, पीठ कोठे दळले याची नोंद, आणि हिंगाची डबी व इतर पाकिटे यांवरील घटकांचे फोटो बरोबर न्यावेत.